कुंदाला ताण

"तुमचं खत खोटं हाय!"

जळकोटच्या बाजारात रोपं अन् खत मांडून बसलेल्या अमरेशनं मान वर केली. समोर शिवकन्या उभी. कमरेवर हात, नाकावर राग… अन् रागातसुद्धा पोरगी इतकी गोड दिसावी म्हणजे कमालच की!

"कशाला घातलं खत?"

"कुंदाला. पाला बघा नुसता! फूल एक न्हाई."

कुंद तिच्या बाबांनी लावलेला. ते गेले आणि झाडानं फुलणंच सोडलं. आता संक्रांत झाली की तो उपटून तिथं गाडीची शेड टाकायची, असं भाऊ श्रीमंत ठरवून बसला होता. शिवकन्येच्या जिवाला घोर लागला होता तो याचाच.

संध्याकाळी अमरेश तिच्या घरी आला. माती चाचपून हसला. "लाड लई झालेत ह्याचे. मोसंबीला देतात तसा ताण द्या. पाणी बंद. पानं मलूल पडली की मग एकदाच पोटभर पाजू."

मग काय, दिवसाआड स्वारी हजर!

"झाडच बघायला येता ना?" शिवकन्येनं एकदा विचारलंच.

"झाडच… बहुतेक."

ती लाजून आत पळाली. पण पानं काही मलूल पडेनात. आणि एका सकाळी चोर सापडला! आई, गुरम्मा, लिंगपूजेचं पाणी तांब्यानं कुंदाच्या बुडात ओतत होती.

"आई! तूच का गं?"

"पायदळी कसं टाकू बाई? अन् तुझ्या बाबांचं झाड… तहानलेलं बघवत न्हाई मला." गुरम्माचे डोळे भरून आले.

आईला कसं अडवायचं? शिवकन्येनं अमरेशला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बेलाचं रोप घेऊनच आला. "आई, पूजेचं पाणी आता ह्याला घालत जा. महादेवाचंच झाड हाय." गुरम्मानं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. शिवकन्येनं तर त्याच क्षणी जीव लावून टाकला.

पुढं पानं माना टाकू लागली तशी ती रडकुंडीला आली. "आज पाजू," अमरेश म्हणाला. एकाच बादलीला दोघांचे हात… बोटांना बोटं लागली, आणि पाणी निम्मं पायावरच सांडलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी श्रीमंत कुदळ घेऊन अंगणात आला आणि थबकला. अख्खा कुंद पांढराशुभ्र! गल्लीभर वास. शेजारच्या बाया परड्या घेऊन दारात.

त्यानं कुदळ भिंतीला टेकवली. "राहू दे… गाडी बाहेरच लावतो." बाबांची आठवण येऊन त्यानं फुलांवरून हात फिरवला.

गुरम्मानं पहिला गजरा लेकीच्या केसात माळला. अमरेश फाटकाशी घुटमळत होता. "झाड फुललं. आता मला यायला काही निमित्त न्हाई राहिलं…"

"अन् पुढच्या वर्षी ताण कोण देणार?"

"तुम्ही म्हणाल तर… जन्मभर मीच देतो."

शिवकन्येनं गजऱ्यातलं एक फूल काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "पण खत मात्र खरं आणायचं!"