रोज सैल होणारी स्प्रिंग

"अगं बाई गं, माझी कंबर गेली!"

नाम्बोझो आत्या मोटरसायकलवरून उतरली म्हणण्यापेक्षा घसरलीच. डोक्याचा रुमाल मानेवर आला होता, केळ्यांची पिशवी तेवढी छातीशी घट्ट होती. "खाइन्झा, ए खाइन्झा, बाहेर ये! ह्या मुलाची गाडी बघ. गाडी कसली, बोकड आहे बोकड! बुदुदापासून म्बालेपर्यंत उडवत आणलंय मेल्यानं!"

खाइन्झा हात पुसत गॅरेजबाहेर आली. बापाच्या मागे हे गॅरेज तीच चालवत होती. बारीक भुरभुर चालू होती... आणि गाडीवर एक उंच, ओशाळलेला तरुण बसला होता. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं त्याला. तो तिच्याकडेच बघत होता.

"मुलेम्बे," तो कसाबसा म्हणाला.

"नमस्कार-चमत्कार मागाहून. उतर आधी."

तिनं सीटवर दोन्ही तळवे टेकवून जोर दिला. सीट तसूभर दबली नाही. मग ती खाली वाकली, मागच्या शॉकअपकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जुन्या टायरचे तुकडे ठासून भरले होते.

"हे काय कोंबलंयस?"

"कॉफीची पोती वाहायचो ना... गाडी बसू नये म्हणून. आमच्याकडे सगळेच कोंबतात."

"मग आत्या काय पोतं आहे?"

"तसं वजन बघितलं तर—" आत्याचा चेहरा बघून त्यानं जीभ चावली.

खाइन्झाला हसू आवरेना. आता खरं सांगायचं तर इथंच घोटाळा झाला. गिऱ्हाइकासमोर ती कधी हसत नसे.

त्याचं नाव वामिम्बी. त्याची अडचण मोठी होती. डोंगरावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर मुयामा बाळंतपणाच्या बायकांना खाली मोठ्या हॉस्पिटलात नेण्यासाठी एक गाडीवाला शोधत होत्या. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी त्या स्वतः मागे बसून बघणार होत्या. काम मिळालं तर ठीक. नाही तर मामानं दुबईला घरोघरी जेवण पोचवायची नोकरी बघून ठेवली होती.

"तिकडे म्हणे रस्त्याला एक खड्डा नसतो," वामिम्बी म्हणाला.

"मग जा की! मजा आहे तुझी."

"खड्डे नाहीत तर फुंडी कशाला असेल तिथं..." गाडी दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे फुंडी म्हणतात. तो हे इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की आत्यानं कान टवकारले.

खाइन्झानं टायरचे तुकडे उपटून फेकले, पुढच्या पाइपांतलं काळं तेल बदललं. पण गाडी दोघांच्या वजनाला लावायची तर दोघांनी बसायला हवं.

"हे बघ, माणसं बसली की गाडी थोडी दबली पाहिजे. दबलीच नाही तर खड्ड्यात उडते. फार दबली तर वळणावर डुलते. कळलं?"

"कळलं. मागे कोण बसणार?"

"माझ्याशिवाय आहे का कोणी इथं?" ती म्हणाली आणि उगाचच पाना शोधू लागली. पाना तिच्या हातातच होता.

मग तिच्या लक्षात आलं, दिवस भरलेली बाई तिच्याएवढी हलकी थोडीच असणार? आणि वजन पाठीला बांधून उपयोग नाही, जिथं असतं तिथंच हवं. तिनं राजम्याची पिशवी पोटावर ठेवली, वरून कापड गुंडाळलं, त्यावर बापाचा रेनकोट चढवला.

"कशी दिसते?"

"छान," वामिम्बी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. आणि दोघंही इकडेतिकडे बघायला लागले.

पहिल्या दिवशी गाडी अजून कडक वाटली. दुसऱ्या दिवशी खाइन्झानं दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगखालची, स्प्रिंग घट्ट-सैल करणारी कडी एका खाचेवर आणून बसवली, तिथं पांढऱ्या रंगाची खूण केली, आणि... काय सांगू! ओढ्यावरच्या त्या वाईट वळणावर, जिथं भल्याभल्यांची मागची चाकं घसरतात, तिथं गाडी अलगद वळली. कॉफी फुलली होती, तिचा वास ओल्या हवेत भरून राहिला होता. वळण केव्हाच संपलं तरी खाइन्झाचा हात त्याच्या खांद्यावरच होता.

"झाली तुझी गाडी," ती गॅरेजपाशी उतरत म्हणाली. आवाजात आनंद असायला हवा होता. नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामिम्बी दारात हजर.

"मागून डुलतेय."

खाइन्झा खाली बसून बघते तर काय, दोन्ही कड्या तिच्या खुणेवरून खाली सरकलेल्या! पाना लावल्याशिवाय ही कडी हलत नाही. तिनं मान वर केली. वामिम्बी आभाळाकडे बघत होता.

"डोंगरातले रस्तेच तसे," ती गंभीरपणे म्हणाली, कड्या जागेवर आणल्या आणि राजमा पोटाला बांधला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तर पठ्ठ्यानं फक्त डावीकडची कडी सैल केली होती. घाई झाली असेल बिचाऱ्याला! खाइन्झा त्या दिवशीही काही बोलली नाही. बोलायचं त्यानं. आपण का बोलावं? आणि शनिवार तर जवळ येत चालला होता. हा गेला दुबईला, तर?

पण रोज रोज पोट घेऊन फिरणारी पोरगी बाजाराच्या नजरेतून सुटते होय? शुक्रवारी आत्या तरातरा आली.

"कितवा महिना?"

"कसला गं आत्या?"

"कसला म्हणे! अख्ख्या बाजाराला माहीत, आणि मी सख्खी आत्या, मला केळीवालीकडून कळतंय!"

खाइन्झानं रेनकोट उघडून पिशवी दाखवली. आत्या मटकन टायरवर बसली.

"म्हणजे... काहीच नाही?" तिचा चेहरा पडला होता. "मी तर पाळण्याचं कापडसुद्धा बघून आले."

हसण्यावारी जायचं ते प्रकरण इथं संपलं नाही. ती बातमी डोंगर चढून वर गेली. सिस्टर मुयामांचा निरोप आला: स्वतःच्या पोटुशी बायकोला दगडधोंड्यांतून रोज हिंदकळवणाऱ्या माणसाच्या हाती मी माझ्या बायका देणार नाही.

शनिवारी सकाळी वामिम्बी गॅरेजमध्ये आला. "मामा म्हणतो, सोमवारी निघायचं."

"सोमवारचं सोमवारी बघू. चल वर," खाइन्झा म्हणाली. राजमा तिनं मुद्दाम बांधला.

दवाखान्याच्या ओसरीवर बायकांची रांग होती. सिस्टर मुयामांनी खाइन्झाला बघितलं आणि आधी तिच्या पोटावर हात ठेवला. हात सरकला, थांबला, परत सरकला. भुवया वर गेल्या.

"अगं, हे तर कडधान्य आहे!"

ओसरी हसून हसून लोळली. सिस्टरही हसल्या. पण बाई हुशार, लगेच गंभीर झाल्या.

"बायको नाही, ठीक. पण इतके दिवस रोज दुरुस्ती चालली होती, हे तर खरं? रोज बिघडणारी गाडी माझ्या काय कामाची? अर्ध्या वाटेत बिघडली तर?"

वामिम्बीनं खाइन्झाकडे बघितलं. तिनं नजर वळवली नाही.

"गाडी बिघडत नव्हती, सिस्टर," तो म्हणाला. कानशिलं तापली होती त्याची. "दुसऱ्याच दिवशी ठीक झाली होती. संध्याकाळी घरी जाऊन... मीच सैल करायचो."

"तू? का रे बाबा?"

"सकाळी ही पुन्हा मागे बसावी म्हणून."

ओसरीवरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. कोणाचं तरी तान्हं तेवढं चुटुचुटु दूध पीत राहिलं.

"एकदा तर डावीकडचीच केलीस," खाइन्झा म्हणाली.

"तुला... माहीत होतं?"

"फुंडी आहे मी!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. आणि बोललास कोणापाशी, तर सिस्टरपाशी!" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"ते तुमचं तुम्ही नंतर बघा," म्हणत सिस्टर मुयामा पदर खोचावा तसं कापड खोचून गाडीवर बसल्या. अंगानं चांगल्या भरदार बाई. गाडी थोडीशी दबली, हवी तेवढीच, आणि वळणाआड गेली.

खाइन्झा ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. शेजारची बाई म्हणाली, बस ना गं. पण बसवतंय कोणाला? मग इंजिनाचा आवाज खालून वर आला. सिस्टर ऐटीत बसल्या होत्या, टोपीसुद्धा जागची हलली नव्हती.

"ओढ्यावरचं वळण केव्हा आलं, केव्हा गेलं, कळलंच नाही मला," त्या उतरत म्हणाल्या. "काम तुझं. सोमवारपासून ये. आणि ते दुबईचं काय?"

"ते हिला विचारा."

सगळी ओसरी खाइन्झाकडे वळली.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. वामिम्बीचा चेहरा खर्रकन उतरला. तशी ती एक पायरी खाली आली. "आईकडे. म्हणावं, पुढच्या रविवारी घरची माणसं घेऊन आमच्याकडे या. आणि रविवारपर्यंत त्या कड्यांना हात लावलास ना वामिम्बी, तर याद राख. आता मागे बसायला मला कारण लागत नाही."