तुरीच्या भुशातलं अंडं

धाकट्या लेकीचं, आरोहीचं, लग्न झालं ते वर्ष, दोन हजार पंचवीस. त्याच साली दिवाळी झाल्यावर वत्सलाबाईचा मुलगा अभिमन्यू आणि सून उज्ज्वला ऊस तोडायला कर्नाटकात गेले. उज्ज्वलाला सहावा महिना होता. आधीची दोन पोटातच गेलेली. वत्सलाबाईनं लई अडवलं.

"आई, नवरा-बायकोच्या जोडीबिगर कोयत्यावर कोण घेतंय?" म्हणत ती ट्रॅक्टरवर चढली.

उमापूरच्या घरी वत्सलाबाई, तिचा म्हातारा रामहरी आणि रांजणाखालच्या वाळूत पाळलेली दोन कासवं उरली. सोळा वर्षांत त्यांनी कधी अंडं घातलं नव्हतं. मार्गशीर्षात वाळूत तीन निघाली.

म्हातारीला कोंबडीचं ठाऊक. तिनं ती खुडूक कोंबडीखाली सरकवली. कोंबडीनं दोन फोडली. आत ना पांढरं ना पिवळं, नुसती कोरडी. तिसऱ्याला ती शिवेना. मग म्हातारीनं ते टोपलीत, तुरीच्या भुशात ठेवलं आणि कोंबडी फिरवते तसं दिवसातून तीनदा हातानं फिरवू लागली.

"आता तूच बस त्याच्यावर," रामहरी हसला.

शेजारची साखराबाई हसली नाही. "बाई, कासवाचं अंडं फिरवू न्हाई. जीव आतल्या आत गुदमरतो."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं हात लावला नाही. संध्याकाळी उज्ज्वलाचा फोन आला.

"आई, सकाळपासनं पोटात काहीच हलंना."

वत्सलाबाईला काय वाटलं कोण जाणे. फोन कानाला धरूनच तिनं अंडं दुसऱ्या कुशीवर वळवलं.

"थांबा... फिरलं बघा आत्ता!" उज्ज्वला रडत रडत हसली.

त्यानंतर म्हातारीनं एकही वेळ चुकवली नाही. का फिरवते, ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर उलटेल, असं तिला वाटे.

पौषातल्या एका गुरुवारी जावयानं तिला डोळे दाखवायला गेवराईला नेलं. निघताना ती म्हणाली, "अवो, दुपारी तेवढं टोपलीतलं फिरवा."

दिवेलागणीला परतली तर टोपली रिकामी.

"वाळूत ठिवलं परत," रामहरी म्हणाला. "मुक्या जीवाला कावून तरास द्यायचा?"

तिनं नखांनी वाळू उकरली. फोन वाजत होता.

"आई, दुपारपासनं न्हाई हलत."

तिनं अंडं फिरवलं. परत फिरवलं.

"आई, न्हाई हलत."

म्हातारीचा हात थांबला. तळहातावर अंडं स्थिर होतं. मग त्याच्या आत काहीतरी आपसूक कुशीवर वळलं.

उज्ज्वलाची मुलगी आठ जानेवारी दोन हजार सव्वीसला, त्याच गुरुवारी दुपारी, पोटातच वारली.