सतरा नंबरचा बिल्ला

"बाई, मी खोटारडी नाही आणि वेंधळीही नाही," असं म्हणत झॉर्नित्सा ताशेवा खुर्चीत बसली. नखांत इंजिनचं काळं तेल, डोळे रडून सुजलेले.

रायना दमयानोवा यांनी विमान दुरुस्तीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर स्तामेन गाडी चालवत आणि दिसेल त्याच्यावर संशय घेत. आत्ता त्यांचा संशय या मुलीवरच होता. निरपराध माणूस इतकं रडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"सुरुवातीपासून सांग," रायनाबाई म्हणाल्या.

उन्हाळ्याची इंटर्नशिप, सोफियाच्या विमानतळावरचं हँगर. तिथला नियम सोपा होता. भिंतीवरच्या फळीवरून हत्यार घेतलं की ते टांगलेल्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा, हत्यार परत टांगताना काढून घ्यायचा. झॉर्नित्साचे पाच बिल्ले, सगळे सतरा नंबरचे. साडेदहाला तिने लांब दांडीचा आरसा घेतला, बाराला परत टांगला, बिल्ला अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. मग अ‍ॅप्रन खुंटीला लावून हात धुवायला गेली. दोनला मोजणी झाली, तर आरसा गायब आणि खिळ्याला सतरा नंबर.

"तीनला सापडला. मी काम करत होते त्याच उजव्या इंजिनात. इंजिनात हत्यार विसरणाऱ्याला पुन्हा कोण दारात उभं करतं, बाई? इंटर्नशिपचा दाखला मिळणार नाही. माझं वर्ष गेलं."

"सापडला कोणाला?"

"इलियाकाकांना. मी त्यांच्याच हाताखाली आहे."

"बारानंतर तू काय केलंस?"

"सगळ्यांच्या जॉबकार्डांवर काय काम झालं ते बघून माझी डायरी लिहिली. इलियाकाकांना एक शंका विचारली. डावं इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या टेकूमागे त्यांनी कसं बघितलं, ते मला शिकायचं होतं. ते हसले. म्हणाले, आधी स्वतःची हत्यारं सांभाळायला शीक."

रायनाबाईंनी डायरी मागून घेतली आणि एका पानावर थांबल्या. "विमान कधी निघतंय?"

"सातला. दीडशे प्रवासी आहेत."

घड्याळात साडेचार वाजले होते. "भावजी, गाडी काढा."

हँगरचे प्रमुख बोझिदार नेयकोव हे एकेकाळचे बाईंचे विद्यार्थी. ते अवघडून उभे राहिले. "माझाही नाइलाज आहे, बाई. शोधताना सगळ्यांनी नवे हातमोजे घातले होते. आरसा सापडला तसाच पिशवीत बंद केला."

"असा आरसा एकच?"

"दुसरा गेल्या आठवड्यात फुटला."

बाईंनी पिशवी उघडली, दांडीवरच्या कापडी पट्टीचा वास घेतला आणि ती स्तामेनच्या नाकापुढे धरली.

"कोकराचं मटण," स्तामेन क्षणात म्हणाले. "पुदिना घालून केलेलं. वहिनी, मी सकाळपासून उपाशी आहे."

हत्यारांच्या खोलीतल्या स्पास्काबाई दारातच फणकारल्या. "माझ्याकडे काय बघता? पोरीने साडेदहाला आरसा नेला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाराला मी इलियाच्या टेबलाशी होते. आज त्याचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण. अख्खं हँगर जेवलं, ही पोरगी सोडून."

"ती का नाही?"

"इंजिनात डोकं घालून बसली होती. आली तेव्हा टोप चाटूनपुसून रिकामा."

मेकॅनिक रादकोला ही इंटर्न नकोच होती. त्याच्या भाच्याचा अर्ज नाकारून तिला घेतलं होतं, आणि ते तो लपवतही नव्हता. "पण आरसा मी कशाला लपवू? मटण खाल्लं, तडक चाकाखाली गेलो. दोनपर्यंत तिथेच. नेयकोवसाहेब माझ्या डोक्यावर उभे होते."

"हाच तो," स्तामेन पुटपुटले.

इलिया कुत्सारोव मात्र हसतमुख भेटला. पिकलेल्या भरघोस मिशा, आवाजात माया. स्तामेनपुढे त्याने उरलेली चीज भरलेली बानित्सा सरकवली. "पोर गुणी आहे हो, पण लक्ष नसतं. बाकी माझ्यावर कोणाचा संशय असेल, तर आरसा तिच्या हातात होता त्या वेळी, साडेदहा ते बारा, मी या टेबलावरून हललेलो नाही. नामदिनाला कोणी कोणाला बोलावत नाही, माणसं आपणहून येतात. मग यजमानाने जागा सोडायची? आमच्या गावात त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. विचारा कोणालाही."

"विचारते," बाई म्हणाल्या. त्यांनी खरंच चौघांना विचारलं. चौघांनीही शपथेवर सांगितलं, इलिया क्षणभरही हलला नाही. स्तामेनला हा माणूस फार आवडला. बानित्साही.

सव्वासहाला बाईंनी सगळ्यांना डाव्या इंजिनापाशी बोलावलं.

"आरशाच्या दांडीला कोकराची चरबी आहे. शोधणाऱ्यांनी हातमोजे घातले होते, म्हणजे चरबी त्याआधीची. झॉर्नित्साच्या वाट्याला मटणाचा तुकडाही आला नव्हता. तेव्हा आरसा इंजिनात ठेवणारा हात दुसऱ्याचा. बिल्ला तिच्या खुंटीवरच्या अ‍ॅप्रनमधून काढला."

"पण वहिनी, मटण तर सगळ्यांनी खाल्लं," स्तामेन म्हणाले.

"हो. पण या पोरीवरचा विश्वास उडायला कोणाला हवा होता? हिच्या डायरीत आज सकाळचं एक जॉबकार्ड उतरवलंय. डाव्या इंजिनाचा टेकू, मागची बाजू आरशाने तपासली, वेळ दहा पन्नास. सही, इलिया कुत्सारोव."

इलियाने मिशीवरून हात फिरवला. "वेळ लिहिताना चुकली असेल."

"कार्ड बाराच्या आत जमा झालं. साडेदहा ते बारा आरसा हिच्या हातात होता. विमान आत कधी आलं, बोझिदार?"

"सव्वादहाला. इंजिनांची दारं उघडेपर्यंत साडेदहा."

"आणि दहा पन्नासला तुम्ही टेबल सोडलं नव्हतं, इलिया. हे तुम्ही स्वतः सांगितलंत, चौघांनी शपथ घेतली. मुलीने भाबडेपणाने विचारलं, कसं बघितलंत. तेव्हा तुम्ही म्हणालात, हत्यारं सांभाळायला शीक. त्या वेळी आरसा फळीवरच होता. हरवलाच नव्हता. आपण बघितलंच नाही हे हिला कळेल, म्हणून हिच्या शब्दाला किंमत उरू नये अशी सोय तुम्ही केलीत."

नेयकोवने बॅटरी मारली. टेकूवरच्या झाकणाच्या स्क्रूंवर जुना रंग अखंड होता. महिनोन्महिने त्यांना कोणी हात लावला नव्हता.

झाकण काढलं. बाईंनी पिशवीतला आरसा झॉर्नित्साच्या हातात दिला. "बघ."

ती शिडीवर चढली. आरसा आत सरकवला, थोडा वळवला, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"बाई, रेघ आहे. बोटाएवढी लांब."

नेयकोव स्वतः चढून बघून आले. "तडा आहे," ते म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि सातचं उड्डाण रद्द करायला सांगितलं.

इलिया स्टुलावर बसला. "अठरा वर्षं बघतोय ती जागा. एकदाही काही निघालं नाही."

"म्हणून आज बघितलं नाहीत," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

स्तामेनने राहिलेला बानित्साचा तुकडा इलियापुढे ठेवला. ते मुलीशी काहीतरी बोलायला गेले, पण ती फळीकडे निघाली होती. तिने आरसा खिळ्याला टांगला, आपला बिल्ला काढला आणि सगळ्यांदेखत बिल्ले मोजले. पाच.