फोकस कानावर का जातो?

"फोटो काढायचाय? माझा?"

"तुमचा नाही हो, मागच्या तक्त्याचा!"

चष्म्याच्या दुकानात शिरून, कॅमेरा रोखून मी बोललेलं पहिलं वाक्य हे असं. समोरच्या माणसाचा चेहरा एवढासा झाला आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटली. पण तक्ता खरंच सुरेख होता. वरती मोठ्ठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. लेन्स किती बारीक टिपते ते बघायला आणखी काय हवं?

माझं कामच ते. छायाचित्रणाच्या एका मासिकासाठी मी कॅमेरे तपासते आणि त्यांना मार्क देते, म्हणून ऑफिसात मला सगळे 'हेडमास्तरीण' म्हणतात. या खेपेला हातात होता मधल्या फळीतला डीएसएलआर, खास हौशी लोकांसाठी बेतलेला. पकड छान, बॅटरी दमदार आणि शटरचा आवाज असा गोड, की उगाचच बटण दाबत बसावं. शुक्रवारी कॅमेरा कंपनीकडे परत जायचा होता आणि माझा निकाल छपाईला. लोक माझ्या भरवशावर कॅमेरा घेतात. निकाल चुकवून मला चालणारच नव्हतं.

"दिसली का शेवटची ओळ तुमच्या कॅमेऱ्याला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"अगदी स्वच्छ."

"अरेरे. एक गिऱ्हाईक गेलं म्हणायचं."

मला हसूच आलं. मग धीर करून म्हटलं, "आता एक चेहरा हवाय. डोळ्यांवर फोकस नीट बसतो का ते बघायचंय. बसाल का जरा?"

"मघाशी तर मी नको होतो."

"मघाशी तक्त्याचा नंबर होता."

"म्हणजे तक्त्यानंतर मी. चला, हेही नसे थोडके!"

त्याच्या काचांवर दिव्याची तिरीप येत होती, म्हणून मी त्याला चष्मा काढायला लावला. त्याने काढला आणि... काय सांगू! इतके शांत, इतके हसरे डोळे जाड काचांमागे लपवून ठेवायचे म्हणजे अन्यायच की नाही?

"हसा ना थोडं."

"कुणाकडे बघून? चष्म्याशिवाय मला समोर नुसता निळा ढग दिसतोय."

निळा ढग म्हणजे मी. माझा कुर्ता निळा होता.

घरी येऊन फोटो मोठे करून बघितले आणि कपाळाला हात लावला. कानाची पाळी स्पष्ट, कानामागचे केस स्पष्ट आणि डोळे मात्र धुक्यात! एक नाही, झाडून सगळे फोटो तसेच. फोकस डोळे सोडून कानावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कामासाठी हो! पुन्हा कान. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळ बसवलं, तरी कान.

"कान बरे दिसतात का माझे?" तो विचारायचा.

"दहापैकी नऊ."

"आणि डोळे?"

"ते... अजून तपासायचेत."

घरी ताईचे फोटो काढले, तर पापणीन् पापणी मोजून घ्यावी. ऑफिसात संपादकांचे काढले, तर नाकावरचा तीळसुद्धा चोख. बिघडायचे ते फक्त त्याचेच. शेवटी मी सगळं खापर त्या दुकानातल्या मंद उजेडावर फोडलं आणि लिहून टाकलं, 'कमी उजेडात माणसांवरचा फोकस भरवशाचा नाही.' लिहिलं खरं, पण मन काही मानेना. माझेच डोळे बिघडले असतील तर?

"मग तपासू की," चष्मेवाला म्हणाला. मला खुर्चीत बसवून तो एकेक काच बदलत गेला. "आता बरं, की आधीचं?... आता?" त्याचा आवाज इतका जवळून येत होता, की मी दोनदा चुकीची अक्षरं वाचली.

"डोळे उत्तम आहेत तुमचे," काचा ठेवत तो म्हणाला. "गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे."

गुरुवार उजाडला. ताईला नुकतीच चाळिशी लागली होती, तिला फ्रेम घ्यायची होती. म्हटलं, चल माझ्याबरोबर, माझाही शेवटचा एक प्रयत्न होईल. शेवटचा! कॅमेरा गेल्यावर मी या दुकानात कुठल्या तोंडाने यायचं?

तो स्टुलावर बसला, चष्मा काढला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. माणसांचे फोटो मी हातात धरूनच काढते, कारण घरच्यांचे फोटो काढताना हौशी माणूस काही ट्रायपॉड मांडून बसत नाही. खटक. खटक. खटक.

मागून ताई फिसकन हसली.

"अगं बाई, बटण दाबताना पुढे काय सरकतेस? दर वेळी! माझा फोटो काढताना तर खांबासारखी उभी होतीस."

बटण अर्धं दाबलं, की कॅमेरा अंतर धरून ठेवतो आणि पूर्ण दाबलं, की फोटो निघतो. मधल्या त्या क्षणात बोटभर जरी पुढे झुकलं, तरी डोळे सुटतात आणि कान सापडतात. हे मी स्वतः मासिकात लिहिलंय. नवशिक्यांसाठी!

कॅमेरा निर्दोष होता आणि मी त्याला नापास करायला निघाले होते.

"मला माहीत होतं," चष्मेवाला हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"काय? आणि बोलला नाहीत? माझा निकाल चुकला असता!"

"आज सांगणारच होतो. खरं म्हणजे कालही सांगणार होतो..."

"मग तोंड कुणी धरलं होतं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ट्रायपॉड लावला असता." तो मान खाली घालून चष्मा पुसत राहिला. "चष्मा नसला की मला काही दिसत नाही. पण बटण दाबताना तुम्ही पुढे यायचात ना, तेव्हा तेवढ्यापुरतं ढगाला नाक-डोळे यायचे. मला ते बघायचं असायचं. तुम्ही का पुढे येता, ते मात्र कळलं नाही."

"का म्हणजे? आवडता तुम्ही मला, म्हणून! झालं समाधान?"

हे मी ओरडून बोलले. भर दुकानात. ताईसमोर!

ताईने हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली. "मी जरा बाहेर उभी राहते. चाळिशीला काय घाई आहे?"

त्या संध्याकाळी मी फोकसबद्दलचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'फोकस अचूक आहे. फोटो काढणाऱ्याने स्वतःला सांभाळावं.' संपादकांनी भुवया उंचावल्या, पण छापलं.

शनिवारी दुकानात गेले. रिकाम्या हातांनी.

"कॅमेरा?"

"गेला परत. पास होऊन."

"आणि मला किती मार्क?"

"तुझी तपासणी अजून संपलेली नाही." तुझी! पटकन तोंडातून निसटलं आणि मला ते मागे घ्यावंसं वाटलं नाही.

त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"चष्मा कशाला काढलास? आज फोटो नाहीये."

"सवय झालीये."

मी थोडी पुढे झुकले. "आता दिसतेय?"

"नाही."

"खोटारडा! आता?"

"अंहं... अजून थोडं..."

मी आणखी पुढे सरकले. या वेळी अगदी मुद्दाम.