पहिल्या मजल्यावरचं थांबणं

लिफ्ट बंद पडली आणि दोघांची जिन्यात गाठ पडली. ती तिसऱ्या मजल्यावरच्या हार्ट क्लिनिकमधली टेक्निशियन, लोकांना ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासणारी. तो चौथ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. लिफ्ट काही दुरुस्त होईना, आणि तिला त्याचं वाईटही वाटेना! प्रत्येक मजल्यावर तो कठड्याला रेलून थांबायचा, काहीतरी मिश्कील बोलायचा... आणि ही वेडी कामाला उशीर करून ऐकत राहायची.

आज दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, पण बोलला नाही. हात छातीवर, कपाळावर घाम.

"काय होतंय?"

"ॲसिडिटी हो... होते रोज."

"रोज? चढताना? आणि थांबलं की बरं वाटतं?"

त्यानं नजर चुकवली. तिच्या लक्षात आलं. म्हणजे रोजच्या त्या गप्पा... दम खायला थांबत होता हा! आणि दिवसभर असेच पेशंट बघणारी ती, लाजत उभी होती. तिला स्वतःचा राग आला, त्याचा त्याहून जास्त.

"खाली बसा. एक पायरीही चढायची नाही."

तिनं क्लिनिकला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलावतो, मी खाली येतोय.

"ॲम्ब्युलन्स? छे!" तो कठडा धरून उठू लागला. "माझे बाबा असेच तपासायला म्हणून गेले... परत आलेच नाहीत. मी नाही येणार."

"बाबांना उशीर झाला असेल. तुम्ही करू नका ना..." तिनं त्याचा दंड धरला. "आणि एक खरं सांगा. थांबत होता ते फक्त दम खायला?"

"दुसऱ्या मजल्यावर... हो."

"आणि पहिल्या?"

तो एवढ्या दुखण्यातही कसनुसा हसला. "पहिल्यावर मला दम लागतच नव्हता."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती त्याच्याशेजारी पायरीवर टेकली, सवयीनं त्याची नाडी पाहिली, आणि मग मनगट सोडलंच नाही.

"मग माझ्यासाठी चला."

वरून डॉक्टरांची घाईची पावलं ऐकू आली. तो हळूच परत खाली बसला.

"फार भीती वाटतेय हो..."

"मलाही," ती म्हणाली. "आता दोघं मिळून घाबरू."