मधली खूण आखूड!

"हे आपलं हेड न्हाईच!" मंगल ओरडली, तशा फियाटच्या मागच्या सीटवर झोपलेल्या तिन्ही कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या.

सुट्टी लागल्यापासून तहरीम, तिच्या वर्गातला सूरज आणि मामाकडं आष्ट्याला आलेली मंगल ही जुनी फियाट खोलून बसली होती. तहरीमचे अब्बा, म्हणजे इलाही मिस्त्री, त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये! ते खुर्चीवरून सांगायचे, पोरं नट फिरवायची. आणि खर्च? घराघरांतून मागून आणलेल्या रद्दीतून निघेल तेवढाच! इंजिनाच्या सांध्यातली पॅकिंगंसुद्धा तहरीमनं जाड कागद ठोकून घरीच कापली होती.

पण अम्मीनं निक्षून सांगितलं होतं, "रविवारी भंगारवाला येतोय. तवर चालू झाली तर ठिवा, न्हाईतर अंगण मोकळं!" ह्याच गाडीतून अब्बांनी अम्मीला शिराळ्याहून नवरी म्हणून आणलं होतं. गाडी जाणार म्हणून अब्बा चार दिवस धड जेवले नव्हते. आणि आज शनिवार!

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा जड भाग. तो घासून सपाट करायला सांगलीच्या नानासोंच्या वर्कशॉपात दिला होता. आज सकाळीच सूरजनं तो एसटीनं आणला होता.

"आपलं न्हाई कशावरनं?" सूरज वैतागला. हात अजून दुखत होते ना त्याचे!

"मी छिन्नीनं खुणा केल्या हुत्या. आमच्या आटपाडीकडं मेंढरांच्या कानाला करत्यात तशा. ह्याला एकबी न्हाई!"

अब्बांनी वाकून पाहिलं. "अन् ह्याला तडा हाय गं, पोरी." त्यांचा चेहरा पार उतरला.

ते हेड उचलून तिघांनी पुढची एसटी पकडली. मंगलनं हेडवर बसणारं पत्र्याचं कव्हरही पिशवीत घातलं.

"ते कशाला?" तहरीमनं विचारलं.

"चल तर खरं!"

नानासोंनी मान वर केली नाही. "तुमच्या नावाची चिठ्ठी ह्यालाच हुती. जावा घरी!"

तेवढ्यात तहरीमला रॉकेलच्या टबात तरंगणारा दोरा दिसला. "काका, धुताना चिठ्ठ्या सुटल्या का?"

"सुटल्या आसतील. बांधल्या की परत... अंदाजानं!"

बाहेर एक टेम्पो सुरू झाला. मागं गोणपाटात गुंडाळलेलं हेड! सूरज धावला आणि हात पसरून टेम्पोसमोर उभा राहिला. "थांबा! थांबा!"

"ते सोडायच्या आधी ऐका," मंगल नानासोंना म्हणाली. "आमच्या हेडला उजव्या अंगाला तीन खुणा. मधली आखूड."

"टेम्पोत चढवताना बघितल्या आसशील!"

मंगलनं शांतपणे पिशवीतून कव्हर काढलं. काठावर तीन खुणा, मधली आखूड! "कोकरू झालं की त्याच्या कानाला आईचीच खूण करत्यात. हे कोकरू. आता आई दावा!"

गोणपाट सुटलं. तीन खुणा, मधली आखूड! नानासोंनी कपाळावर हात मारला. तडा गेलेलं हेड त्या टेम्पोवाल्याच्या घरच्या फियाटचं होतं, दुरुस्तीला आलेलं.

"चुकलो रं पोरांनो," नानासो म्हणाले आणि पोरांना रसवंतीत घेऊन गेले.

हेड रातोरात बसलं. रविवारी गुंडा नावाचा भंगारवाला तराजू घेऊनच दारात उभा राहिला. तहरीमनं चावी फिरवली. खर्रर्र... काहीच नाही. पुन्हा खर्रर्र... गुंडानं तराजू खाली ठेवला. तिसऱ्यांदा धडधडधड! काळा धूर, कोंबड्या थेट छपरावर, आणि अब्बांचे डोळे भरून आले!

"जलमभर नुसत्या चिठ्ठ्या बांधल्या मी," ते म्हणाले. "आजपासनं आपल्या गॅरेजात मंगलची खूण! शाब्बास रं पोरांनो!"

अम्मीनं ओढणीनं पुढची सीट पुसली आणि ऐटीत जाऊन बसली. "चला, शिराळ्याला! मला म्हायेरी न्या."

"पण चालवणार कोण?" सूरजनं अब्बांच्या प्लॅस्टरकडं पाहिलं.

सगळ्यांच्या माना एकदम गुंडाकडं वळल्या!

"आवं, मी गाडी न्यायला आलो हुतो," गुंडा पुटपुटला.

"मग न्या की!" अम्मी हसून म्हणाली. "आमाला घिऊन न्या!"