मिरी कोपरा का उकरते?

"ताई, लवकर ये गो! मिरी परत सुरू झाली!"

साईशची हाक ऐकून सेजल आणि शेजारची सिद्धी अंगणातून धावत आल्या. सेजल-साईश ही बहीण-भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत प्रमोदकाकांकडे गोव्यात पार्स्याला आली होती.

काचेच्या पेटीत मिरी होती. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट असलेली पाळीव पाल! परदेशी जाताना काकांच्या मित्रानं ती त्यांच्याकडे सोपवली होती. एरवी ती दिवसभर झोपायची आणि तिन्हीसांजेला बाहेर यायची. आता मात्र भर दुपारी ती गुळगुळीत लादीचा कोपरा पुढच्या पायांनी खरडत होती. खर्र, खर्र!

"भूक लागली असेल," साईश म्हणाला.

सिद्धीनं चिमट्यात नाकतोडा धरला. मिरीनं तोंड फिरवलं.

"उकडतंय तिला?" सिद्धीनं विचारलं.

"मग सावलीत बसली असती," सेजल म्हणाली. "ही बसतच नाही रे! काहीतरी शोधतेय."

जेवून परत तुयेच्या कारखान्यात निघालेले काका दारातूनच म्हणाले, "वेडी झालीय ती! चार दिवस हेच! संध्याकाळी आल्यावर काजूच्या बागेत सोडतो. डब्यात भरून ठेवा."

"काका, ती इथली नव्हे! मरेल तिथे!" सेजल ओरडली.

पण स्कूटर निघूनही गेली होती.

इतक्यात मिरी पुढचे पाय टेकून काचेवर उभी राहिली. सेजल वाकून बघू लागली. पोटाच्या पातळ कातडीआडून दोन पांढरे लांबट गोळे दिसत होते. शेजारी शेजारी!

"सिद्धी... ती अंडी आहेत?"

"आयगे! आमच्या जनेलाच्या गजांजवळच्या फटीतही पालीची दोन-दोन अंडी असतात," सिद्धी कुजबुजली.

तिनं लगेच आपल्या सत्यवतीमावशीला फोन लावला. मावशी म्हापशाला जनावरांची डॉक्टर.

"तिला अंडी पुरायला ओली, मऊ माती हवी," मावशी म्हणाली. "लादीवर कुठं पुरणार बिचारी? अंडी आत अडकली तर जीवावर बेतेल. माती द्या आणि हात लावू नका! उद्या सकाळी मी येऊन बघते."

मग काय पळापळ! साईशनं आइस्क्रीमचा मोठा पारदर्शक डबा धुतला, सेजलनं झाकणाला मिरी शिरेल एवढं भोक पाडलं, सिद्धीनं नारळाच्या सोडणाचा काथ्यासारखा भुसा मातीत कालवून पाणी शिंपडलं. डबा पेटीत ठेवताच मिरी आत शिरली.

संध्याकाळी काका आले. मुलांनी पेटीवर चादर टाकली होती.

"कुठाय तुमची पाल?"

साईशनं फडक्यात बांधलेला एक छोटा डबा पुढे केला. "बागेत नेऊनच उघडा हं!"

काका गेले आणि थोड्याच वेळात पाय आपटत परतले. हातात मानकुराद आंबा!

"आंब्याला 'जा बाई, जा' म्हणत होतो मी! काय रे हे?"

"श्श! काका, आधी बघा!"

चादर सरकली. काका रागातच वाकले आणि तसेच राहिले. डब्याच्या भिंतीला लागून मिरीनं खोल खड्डा केला होता. ती अगदी स्थिर होती. तिचं अंग हळूच आवळलं आणि एक पांढरंशुभ्र, ओलं अंडं मातीत उतरलं. थोड्या वेळानं दुसरं. मग मागच्या पायांनी तिनं कण कण माती ओढली, थांबली, पुन्हा ओढली. तिला कुणी हे शिकवलं होतं?

साईश हळूच काचेजवळ सरकला. "काका, पिल्लं येतील?"

सेजलच म्हणाली, "मावशी म्हणाली, ती एकटीच असते, सोबत नर नाही, म्हणून बहुतेक नाही. तरी किती जपून झाकतेय बघ!"

काकांनी खाली बैठक मारली. बराच वेळ ते बघत राहिले.

"मी तिला वेडी म्हटलं," ते हळूच म्हणाले. "आज तुम्ही नसतात तर मीच तिला मारलं असतं. शाबास रे पोरांनो! आता पेटी कशी मांडायची ते तुम्ही सांगायचं, मी ऐकायचं."

दमलेली मिरी सारख्या केलेल्या मातीवर पोट टेकून निजली. चौघंही पाय न वाजवता खोलीबाहेर आले.